हवालदारांची माशी

आकाराम हवालदार सध्या काय करतात, असं गावात कुणालाही विचारलं की उत्तर एकच यायचं, "माश्या मारतात." विचारणारा हसला की सांगणारा गळ्याची शपथ घेऊन म्हणायचा, खोटं वाटत असेल तर सोप्यावर जाऊन बघा. आणि सोप्यावर गेलं की हवालदार खरोखरच माशी घेऊन बसलेले असायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर बाकाला आवळलेला लहानसा शिकंजा, शिकंज्यात एक गळ, आणि त्या गळावर बोकडाच्या शेपटीचे केस बारीक दोऱ्यानं बांधायचं काम चाललेलं. "मारत न्हाई, बांधतोय," एवढंच ते मान वर न करता म्हणायचे. पण असली दुरुस्ती कोण ऐकून घेतो? त्यांच्या लेकीला, उत्कर्षाला बघायला पाहुणे आले तेव्हाही चावडीपाशी कुणीतरी त्यांना तेच सांगितलं, आणि नवऱ्या मुलाचा बाप बिचारा चहा संपेपर्यंत सोप्यावर माश्या शोधत होता.

ही माशी उडायची नव्हे. केस, कोंबड्याच्या मानेची पिसं आणि थोडी चकाकी, एवढंच तिच्यात असतं. पाण्यात भिजली की ती इवल्याशा मासळीसारखी हलते आणि मोठा मासा तिला फसतो. पण तिला वजन नसतं, त्यामुळे शिसं बांधलेला गळ भिरकावतात तशी ती जात नाही. फेकायचा असतो तो दोर. जाडसर, गुळगुळीत, पिवळा दोर लांब लवचिक काठीनं मागेपुढे झुलवायचा, आणि नेमक्या वेळी सोडला की तो हवेत उलगडत जातो आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर नेऊन ठेवतो. हेही नदीत नाही, तर समुद्राच्या खाऱ्या, कोमट पाण्यात करायचं. वाळवा तालुक्यातल्या उसाच्या गावात, जिथून समुद्र बघायचा तर अख्खा घाट उतरावा लागतो, तिथं हे खूळ आलं कुठून?

आलं अंदमानातून. हवालदारांची पलटण तिकडे होती तेव्हा तिथले एक मेजरसाहेब सुट्टीच्या दिवशी उथळ समुद्रात असली मासेमारी करायचे आणि होडी बांबूनं ढकलायला आकारामला बरोबर न्यायचे. गुडघाभर पाणी, खाली पांढरी वाळू, आणि आधी माशाची सावली दिसते, मासा नंतर दिसतो, असं हवालदार रंगात आले की सांगायचे. एकदा साहेबांचा खांदा दुखावला आणि त्यांनी काठी आकारामच्या हातात दिली. "तवापास्नं बिघडलं माणूस," असं अंबूबाईचं मत होतं. साहेबांची बदली झाली तेव्हा काठी, दोर आणि तो गुंडाळायची चक्री ते आकारामला देऊन गेले. दुसऱ्यांचे नवरे फौजेतून येताना कॅन्टीनचं सामान आणतात, कपबशा आणतात. हिच्या नवऱ्यानं सगळ्यात जपून आणलं ते दांडकं.

अंबूबाई म्हणजे हवालदारांची बायको. माहेर आटपाडीकडचं, तिथं तिच्या लहानपणी पाणी ही हंड्यात मावेल तेवढीच गोष्ट होती. लग्न होऊन ती कृष्णेच्या काठी आली तेव्हा घराजवळ एवढं पाणी वाहतंय याचाच तिला कितीतरी दिवस धसका होता. नवरा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा आणि घराची घडी बसेपर्यंत परत जायचा. ऊस, म्हशी, सासू-सासऱ्यांची दुखणी आणि उत्कर्षाचं शिक्षण हे सगळं तिनं एकटीनं रेटलं, आणि ते ती कुणाला ऐकवायचीही. पेन्शन घेऊन हवालदार कायमचे घरी आले, तेव्हा आता हा माणूस शेतात हात देईल असं तिला वाटलं होतं. त्यांनी हात दिला, नाही असं नाही. पण दिवाळी झाली की मानसिंग नावाचा त्यांच्या पलटणीतला दोस्त खंडाळ्याहून गाडी घेऊन यायचा आणि दोघं कोकणात खाडीवर जायचे. चार दिवसांनी परत येताना हवालदार उन्हानं काळे ठिक्कर आणि हात रिकामे.

"मासा कुटं हाय?"

"सोडला."

"आवं, येवढा घाट उतरून गेला, मासा घावला, आनि सोडला? मंग गेला कशाला?"

"धरायला."

यावर भांडण दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी तेवढंच व्हायचं. खरं सांगायचं तर अंबूबाईला ते खूळ मनातून आवडायचं. आयुष्यभर सुट्टीपुरता भेटलेला नवरा आता सोप्यावर बसलेला दिसायचा, पिसं हवीत म्हणून तिच्या तांबड्या कोंबड्याच्या मागं अंगणभर धावायचा. त्या कोंबड्याची मान बारा महिने बोडकी असायची. चकाकीसाठी म्हणून तिनं आपल्या लग्नातल्या शालूचा जरीचा काठ स्वतः उसवून दिला होता. शेजारणीला मात्र ती म्हणाली होती, की उंदरांनी कुरतडला.

गेल्या हिवाळ्यात हवालदार सकाळी अंघोळ करून बाहेर आले आणि उंबऱ्यातच बसले. तोंड वाकडं झालं होतं, उजवं अंग लुळं. सांगलीच्या दवाखान्यात उत्कर्षा नर्स होती, म्हणून धावपळ लवकर झाली आणि जीव वाचला. पुढं पाय काठीच्या आधारानं चालायला लागला. जीभ अडखळत का होईना, बोलायला लागली. उजवा हात मात्र आला नाही. तो मांडीवर ठेवला की मांडीवर, खाली सोडला की खाली.

हवालदारांना सगळ्यात जास्त कशानं खाल्लं असेल तर डाव्या हातानं. भाकरी मोडायची डाव्या हातानं, घास घ्यायचा डाव्या हातानं, आणि कुणी आलं तर रामराम करायचा तोही त्याच हातानं. ज्या हाताचं नाव जेवताना काढत नाहीत, त्या हातानं जेवायची वेळ आली, ही गोष्ट त्या शिस्तीच्या माणसाला सोसेना. ते आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून जेवायला लागले. मग पंगतीला जाणं बंद झालं, मग सोप्यावर बसणं, मग माणसांत येणंच बंद. रामराम घालायला आलेला माणूस अंबूबाईशी बोलून परत जायचा.

आणि याच वर्षी उत्कर्षाचं लग्न ठरलं. मार्गशीर्षातली तारीख निघाली. कन्यादानात बापानं दोन हातांची ओंजळ धरायची, आईनं तिच्यावर पाण्याची धार धरायची आणि ते पाणी बापाच्या ओंजळीतून लेकीच्या आणि जावयाच्या हातांवर पडायचं. हवालदारांनी धाकट्या भावाला, सयाजीला बोलावलं आणि सांगून टाकलं, की कन्यादानाला तू आणि तुझी बायको बसा. आपण मांडवात येणार नाही.

"आसं कसं?" अंबूबाई म्हणाली. "पोरगी तुमची हाय का भावजींची?"

"येका हाताची... ओंजळ हुती व्हय?" हवालदार म्हणाले.

"न होऊ दे. नुसतं बसा."

"डाव्या हातानं... पोरगी द्यायची?"

उत्कर्षा आली, समजावून थकली, शेवटी रडली आणि परत ड्युटीवर गेली. गुरुजी म्हणाले, ओंजळ नको, दर्भ नुसता हाताला लावला तरी कन्यादान होतं. हवालदारांनी गुरुजींकडंही पाठ फिरवली. ज्या माणसाची आयुष्यभर वाट बघितली तो घरातच आहे आणि लेकीच्या लग्नात नसणार, हे अंबूबाईच्या गळ्याखाली उतरेना. ती भाकरी थापताना चिडायची, म्हशीवर चिडायची, आणि एकटी असली की रडायची.

दसऱ्यानंतर मानसिंग आला. या खेपेला तो सहलीला आला नव्हता. हवालदारांनीच फोन करून बोलावलं होतं, की काठी घेऊन जा, आता माझ्या काय कामाची? मानसिंग सोप्यावर अवघडून बसला होता. हवालदारांनी आतून काठीची लांब पिशवी आणली, पुढं केली, आणि मानसिंगनं धरली तरी त्यांच्या मुठीतून ती सुटेना. दोघं ती पिशवी धरून तसेच थांबले. अंबूबाई चहा घेऊन दारात उभी होती, तिला ते बघवेना.

"मला शिकवा," ती म्हणाली.

"काय वैनी?" मानसिंगनं विचारलं.

"ह्ये दांडकं चालवायचं. मला शिकवा. ह्यांचा हात चालत न्हाई, माझा चालतोय की."

हवालदारांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांच्या वाकड्या तोंडातून एक आवाज आला. ठसका लागला असं समजून ती पाणी आणायला वळली. मग तिच्या ध्यानात आलं, की माणूस हसतोय. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच हसत होता. थट्टेत बोलून गेली होती ती, पण आता मागं कोण येतंय!

घरामागचं सोयाबीन काढून रान मोकळं झालं होतं. तिथं बांधावर हवालदारांना खुर्ची टाकली. अंबूबाईनं पदर खोचला, काठी उजव्या हातात घेतली, डाव्या हातात दोर घेतला, आणि डोक्याभोवती गरकन फिरवला. दोर काठीला गुंडाळला, मग तिला गुंडाळला, आणि माशी जाऊन अंबाड्यात बसली. मानसिंगनं तोंड फिरवून घेतलं. हवालदार म्हणाले, "गोफन... न्हवं."

गोफणच होती ती, दुसरं काय? माहेरी ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभी राहून पाखरं राखायचं काम तिचं. गोफणीच्या दोन्ही दोऱ्यांच्या शेवा एकाच मुठीत धरायच्या, फिरवायची, आणि नेमक्या वेळी एक शेव सोडली की दगड सुटतो. तिच्या दगडानं पाखरू मरायचं नाही, पण ज्वारीच्या ज्या ताटावर बसलंय तेच ताट हलायचं, अशी तिची ख्याती होती. त्या खांद्याला फिरवायची सवय. मागं नेऊन थांबायचं, दोर पाठीमागं सरळ होऊ द्यायचा आणि मग पुढं आणायचं, हे त्याला पटायला वेळ लागला. "मागं... थांब... आता," हवालदार बांधावरून म्हणायचे. त्यांना वाक्य पूर्ण करता येत नव्हतं, आणि या कामात पूर्ण वाक्य लागतही नव्हतं.

मानसिंग काठी तिथंच ठेवून गेला, दिवाळीनंतर येतो म्हणाला. अंबूबाई रोज संध्याकाळी म्हशीची धार काढून झाली की रानात जायची आणि हवालदार मागोमाग यायचे. बांधावर बघे जमायला लागले. "हवालदारीनबाई बी माश्या मारायला लागल्या," अशी बातमी गावभर झाली. एकदा कुणीतरी हसलं तेव्हा हवालदारांनी डाव्या हातातली चालायची काठी उगारून त्याला पिटाळलं. माणसांसमोर त्यांनी तो हात वर केला याचा अंबूबाईला मनोमन आनंद झाला, पण तिनं नुसता दोर परत झुलवला. बोललं की बिघडतं, हे ती संसारात शिकली होती.

दोर आता सरळ जायला लागला. एक खोड मात्र जाता जाईना. दोर सुटला की तिचा डावा हात आपोआप कमरेकडं, पदराच्या ओटीत जायचा. गोफणीचा दुसरा दगड तिथं असतो ना! पाखरं राखणारणीनं एक दगड सुटला की दुसरा घ्यायचा, पहिल्याकडं बघत बसायचं नसतं. आणि इथं सगळं उलटं. माशी पाण्यावर पडली की खरं काम तिथून सुरू होतं. डाव्या हातानं दोर धरून तो हिसक्या-हिसक्यानं ओढायचा, म्हणजे माशी जिवंत मासळीसारखी पळते, आणि मोठ्या माशानं तोंड घातलं तर तोच दोर ताणून धरायचा. "डावा! डावा!" हवालदार ओरडायचे. अंबूबाई दचकून ओटीतला हात काढायची आणि पुढच्या फेकीला तो परत तिथंच गेलेला असायचा.

दिवाळी झाली. हवालदार यायला तयार नव्हते. वाटेत जेवायचं कुठं, कुणासमोर, हाच प्रश्न. अंबूबाईनं भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि सांगितलं, की गाडीतच जेवा, काचा काळ्या आहेत. मानसिंगच्या गाडीतून ते कराडवरून कोयनेच्या बाजूनं वर गेले आणि कुंभार्ली घाट उतरले. चिपळूणच्या पुढं हवा ओलसर, चिकट झाली. खाडीच्या तोंडाशी एका घरी मुक्काम केला, आणि सकाळी अंबूबाईनं जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. एवढं पाणी आणि त्यातलं घोटभरही पिण्याजोगं नाही, हे आटपाडीच्या लेकीला पापच वाटलं. तसं ती म्हणालीसुद्धा. मानसिंग हसला. हवालदार हसले नाहीत. ते पाण्याकडं बघत होते, आणि खूप दिवसांनी गावी परतलेल्या माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं वाळूची लांब पट्टी होती. मानसिंगनं प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन तिथवर आणली आणि पाण्याच्या कडेला रोवली. ओहोटी लागली होती. खाडीतलं पाणी पट्टीला घासून समुद्राकडं धावत होतं आणि त्याबरोबर बारीक मासळीही. अशा वेळी त्या धारेच्या कडेला जिताडा मासा दबा धरून असतो, मानसिंगनं सांगितलं, आणि तो आपली काठी घेऊन पट्टीच्या पार टोकाला गेला. मागं राहिली ही दोघं. हवालदार खुर्चीत, पाय पाण्यात. अंबूबाई त्यांच्या उजव्या बाजूला घोट्याभर पाण्यात, लुगड्याचा ओचा वर खोचलेला. पाणी ऊन-ऊन होतं. नदीच्या पाण्याची भीती वाटायची तशी या पाण्याची तिला वाटली नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तिनं दोर मागं नेला, थांबली, पुढं आणला. माशी चांगली जाऊन पडली, धारेच्या अगदी कडेला. हवालदारांनी खुर्चीत मान ताठ केली. आणि पाण्याखाली काहीतरी पितळेच्या रंगाचं वळलं, माशी दिसेनाशी झाली, दोर सळकन सरकला. अंबूबाईचा डावा हात ओटीत होता.

ढिल्या दोरातून मासा माशी थुंकून निघून गेला.

"ओटीत काय... दगड हायत व्हय?" हवालदार ओरडले. एवढं तिखट ते आजारानंतर पहिल्यांदाच बोलले होते.

"मंग तुमी धरा!" अंबूबाईही चिडली. "हात हाय की तुमाला येक! म्या दोन-दोन कामं कशी करू? दांडकं बी माझ्याकडं, दोर बी माझ्याकडं. तुमी नुसतं बसून डावा-डावा. तुमचा डावा कशाला हाय?"

बोलून गेली आणि तिला वाटलं, जीभ झडावी. नको तिथंच नेमका दगड लागला होता. पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं. मग त्यांनी मांडीवरचा उजवा हात डाव्या हातानं उचलून बाजूला ठेवला, आणि डावा हात तिच्याकडं पुढं केला.

"दोर... हिकडं दे."

पहिल्या काही फेकी वाया गेल्या. तिनं काठी पुढं आणली की त्यांनी दोर सोडायचा, पण ते कधी आधी सोडायचे, कधी उशिरा, आणि दोर वेटोळं होऊन दोघांच्या मध्येच पडायचा. तुमचं चुकलं, तुझं चुकलं, असं बराच वेळ चाललं. शेवटी अंबूबाईनं हुकूम आपल्या हातात घेतला. ती "सोडा!" म्हणाली की त्यांनी सोडायचं. माशी पडली की त्यांनी लगेच दोर परत पकडायचा. त्यांनी हिसका देऊन ओढायचं आणि पुढचा दोर धरायला हात नेईपर्यंत तिनं काठीवरचा दोर बोटाखाली दाबून ठेवायचा. दळणाला दोघी बसल्यावर खुंटा जसा हातातून हातात फिरतो तसं ते हळूहळू जमत गेलं. तिच्या ध्यानात आलं, की त्यांचा हात आपण "सोडा" म्हणायच्या आधीच सोडतो आहे, आणि बरोबर सोडतो आहे.

मासा लागला तेव्हा काठी एवढी वाकली, की ती मोडणार असंच तिला वाटलं.

"वर धर!" हवालदार ओरडले. "वर! सोडू नगं!"

"न्हाई सोडत! तुमी ओढा!"

"आता न्हाई... जाऊ दे त्येला... जाऊ दे." बोटांतून दोर सरसर पळत होता आणि ते तो बोटं पोळतील एवढाच आवळत होते. लांबवर जिताडा अख्खा पाण्याबाहेर आला, डोकं झाडलं, आणि आपटून आत गेला. अंबूबाईच्या तोंडून आई गं निघालं. मग चक्री फिरवायची पाळी आली. चक्रीची मूठ काठीच्या डाव्या अंगाला होती, आणि हवालदार खुर्चीतून पुढं झुकून ती फिरवायला लागले. मासा पळाला की थांबायचे, थकला की फिरवायचे. कुणी बघत असेल का, कोणत्या हातानं करतोय, याचं भान त्या माणसाला उरलं नव्हतं. अंबूबाई मात्र बघत होती. मासा सुटू नये म्हणून ती आटपाडीच्या सगळ्या देवांना हाका मारत होती, आणि खरं म्हणजे ती माशासाठी मारत नव्हती.

मासा उथळ पाण्यात कुशीवर आला. रुपेरी, पाठीवर हिरवट झाक, आणि हातभर लांब. हवालदार खुर्चीतून घसरून पाण्यातच बसले. "कल्ल्याला... हात लावू नगं. कापतंय," असं म्हणत त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ पकडला आणि गळ मोकळा केला. पट्टीच्या टोकाकडून मानसिंग हात हलवत होता, ओरडत होता. रात्रीच्या कालवणाबद्दलच काहीतरी असणार.

"सोडायचा?" अंबूबाईनं विचारलं. दरवर्षीचं भांडण आज तिच्या तोंडात येईना.

"पोटाखाली... हात धर. दमलाय. वाहत्या पान्याकडं... तोंड कर."

तिनं उजवा हात माशाच्या पोटाखाली घातला. त्यांनी ओठ सोडून डावा हात तिच्या हाताला लावून धरला. जिताडा त्या दोन हातांत पडून राहिला, कल्ले उघडत-मिटत. पाणी त्याच्या तोंडातून आत जाऊन बाहेर येत होतं. हळूहळू त्याची शेपटी हलायला लागली. त्यानं एकदा त्यांच्या तळव्यांवर जोर दिला आणि तो गेला.

हात मात्र पाण्याखाली तसेच राहिले, तिचा उजवा आणि त्यांचा डावा, कडेला कड लावून. अंबूबाई माशाच्या वाटेकडं बघत होती. हवालदार हातांकडं बघत होते.

"अंबे," ते म्हणाले. "मंग... धार कोन धरंल?"

तिला घरची म्हैस आठवली. "भावजी काडत्यात की धार," ती म्हणाली. "आवं, हितं समुद्रात बसून म्हशीची कसली काळजी?"

"म्हशीची न्हवं." त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला, पण त्यांनी ते सोडले नाहीत. "उत्कर्षाच्या... लग्नातली. पान्याची. तुजा हात जर... हितं असला. ओंजळीत."

अंबूबाईला कळायला एक लाट येऊन जाईपर्यंत वेळ लागला. मग ती होती तिथंच पाण्यात मटकन बसली आणि रडली. दवाखान्यात रडली नव्हती, लेकीसमोर रडली नव्हती, ते सगळं रडली. लुगडं कमरेपर्यंत भिजलं, तोंडात खारट पाणी गेलं, ते समुद्राचं की डोळ्यांचं ते तिनं बघितलं नाही. हवालदारांनी तिला रडू दिलं.

"जाऊबाई धरंल," शेवटी ती म्हणाली. "मी सांगते तिला."

हवालदारांनी मान हलवली, आणि हात काढून घेतला नाही.